यूकेत घर भाड्याने देताना किंवा विकताना ईपीसी: असेसर यायच्या आधी काय तयारी करावी?

ओसरी

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली मँचेस्टरला झालीये, रेडिंगचं घर इतक्यात विकायचं नाही असं ठरलंय, सध्या भाड्याने द्यायचं. बँकेकडे भाड्याने द्यायची परवानगी मागितलीये (मॉर्गेज चालू असताना ती लागतेच, कुणी विसरू नका), एजंटशी बोलणं झालं आणि त्याचा पहिलाच प्रश्न, ईपीसी आहे का? आहे, पण २०१५ चं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ईपीसी म्हणजे एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट, घर उबदार ठेवायला किती खर्च येईल त्याचा सरकारी दाखला, ए (सगळ्यात चांगली) ते जी अशी श्रेणी असते, दहा वर्षं चालतं आणि इथे ते नसेल तर घर विकायला किंवा भाड्याने काढताच येत नाही. आमच्या जुन्या कागदावर ई आहे, ४९ गुण.

घर १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक), पुढे बे विंडो, बाजूला आधीच्या मालकांनी २०११ मध्ये वाढवलेली खोली, बॉयलर आम्ही नवीन बसवलाय, लॉफ्टवर (छपराखालच्या माळ्यावर) सगळीकडे फळ्या मारलेल्या आहेत आणि त्यावर दिवाळीचं सामान, बॅगा वगैरे. एजंट म्हणतो आमचा माणूस पाठवतो, चटकन होऊन जाईल. पण मला असं वाटतंय की उद्या त्यात राहणाऱ्या माणसाला ते घर थंडीत परवडणार आहे का हे आपल्यालाही कळायला हवं, नुसता कागद म्हणून नको. तर असेसर (घर तपासून ईपीसी देणारा माणूस) यायच्या आधी काय काय तयार ठेवू? आणि श्रेणी वाढवायला आधी पैसे घालावेत का नंतर?

वरणभाततूप

माझं क्रॉयडनला एक घर भाड्याने आहे. इंग्लंड-वेल्समध्ये भाड्यासाठी निदान ई लागते, १ एप्रिल २०१८ पासून नवीन करारांना आणि १ एप्रिल २०२० पासून चालू करारांनाही. तुमचं ई आहेच. मग कशाला डोकं लावताय? ६०-७० पौंडात करून देणारे मिळतात, कागद घ्या, जाहिरात टाका, मोकळ्या व्हा. घर रिकामं ठेवण्याचा महिन्याचा खर्च बघा आधी.

शिशिर_ऋ

वरणभाततूप, मी दुसऱ्या बाजूने सांगते, भाडेकरू म्हणून. मास्टर्स करताना आम्ही तिघी कॉव्हेंट्रीत एका फ्लॅटमध्ये राहत होतो, श्रेणी ई म्हणजे कायद्यात बसणारी. घर बघितलं ते मे महिन्यात. हीटिंग म्हणजे जुने स्टोरेज हीटर, रात्री स्वस्त विजेवर आतल्या विटा तापणार आणि दिवसभर ती ऊब सोडणार. कॉलेजातून संध्याकाळी परत यायचो तेव्हा हीटर गार पडलेले असायचे, मग प्लगवाला हीटर दिवसाच्या महाग दराने लावायचा. कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी, दुलईला दमट वास, आणि नोव्हेंबरपासून बिल भरताना प्रत्येक वेळी पोटात गोळा. घरमालक प्रत्येक मेलला एकच उत्तर द्यायचे, सर्टिफिकेट आहे ना. तो "नुसता कागद" आमच्यासाठी हिवाळ्यातल्या जेवणाखाण्याचा हिशेब होता. आता घर बघायला जाण्याआधी मी सरकारी साईटवर पोस्टकोड टाकून सर्टिफिकेट वाचते, फुकट आहे, कुणीही बघू शकतं. नवीन येणाऱ्या सगळ्या मुलामुलींना माझं हेच सांगणं असतं. श्रेणीच्या अक्षरावर थांबू नका, खाली भिंती, छप्पर, खिडक्या, हीटिंग अशी एकेक ओळ असते, ती वाचा. हीटिंगसमोर 'व्हेरी पुअर' लिहिलं असेल तर भाडं कितीही कमी असो, दहा वेळा विचार करा.

ओसरीताई, तुम्ही हा विचार करताय याचंच मला खूप बरं वाटलं.

वरणभाततूप

शिशिर, पटलं. बिलाच्या बाजूने मी बघितलंच पाहिजे, माझ्या भाडेकरूंना विचारतो.

मापटं

मी लेस्टरला हेच काम करतो, डोमेस्टिक एनर्जी असेसर. जरा सविस्तर लिहितो कारण याबद्दल गैरसमज भरपूर आहेत आणि त्यात लोकांचे विनाकारण गुण जातात.

सगळ्यात महत्त्वाचं हे की असेसर दिसतं ते लिहितो, नाहीतर कागदाने सिद्ध होतं ते लिहितो. आम्हाला भिंतीला भोक पाडायची, फळ्या उचकटायची परवानगी नसते. जिथे काही दिसत नाही आणि कागदही नाही तिथे सॉफ्टवेअर घराच्या वयावरून अंदाज धरतं, आणि जुन्या घराच्या बाबतीत तो अंदाज जवळपास नेहमी "इन्सुलेशन नाही" असाच असतो. तुम्ही तोंडी कितीही सांगा, "अहो आम्ही स्वतः करून घेतलंय, पैसे मोजलेत", ते मला लिहिता येत नाही. प्रत्येक नोंदीला फोटो किंवा कागद लागतो, कारण आमच्या कामाची नंतर तपासणी होते. १५ जून २०२५ पासून आरडीसॅप १० ही नवीन पद्धत लागू झालीये, त्यात तर प्रत्येक खिडकी मोजावी लागते, पूर्वी बऱ्याच घरांत एकूण खिडक्या "साधारण" म्हणून भागायचं. त्यामुळे चटकन होऊन जाईल असं कुणी म्हणालं तर तीन बेडरूमच्या घरात तो काय काय बघणार आहे ते विचारा.

आता तुमच्या घराबद्दल.

लॉफ्ट. फळ्या स्क्रूने घट्ट मारल्या असतील तर खालची जाडी मला मोजताच येणार नाही. मी लॉफ्टच्या झाकणातून वर चढतो, दोन जॉइस्टच्या (आडव्या तुळयांच्या) मधल्या इन्सुलेशनच्या लोकरीत टेप खुपसतो आणि टेपवरचा आकडा दिसेल असा फोटो काढतो, एवढाच तो पुरावा. म्हणून आधीच एकदोन फळ्या सैल करून ठेवा, सामान बाजूला करा, झाकणापर्यंत शिडी पोचेल एवढी जागा ठेवा. जुन्या जॉइस्टची उंची साधारण १०० मिलिमीटर असते, म्हणजे त्यांना चिकटून फळ्या मारल्या असतील तर खाली फार तर तेवढंच इन्सुलेशन मावतं. शिफारस २७० ची आहे.

भिंत. १९३० च्या दशकात दोन्ही प्रकार बांधले जायचे, भरीव आणि मधे पोकळी ठेवलेली. बाहेर जाऊन विटा बघा. सगळ्या विटांची लांब बाजूच दिसत असेल तर बहुतेक पोकळीची भिंत, एक लांब एक आखूड असं दिसत असेल तर भरीव. दाराच्या चौकटीपाशी जाडीही मोजता येते, भरीव भिंत साधारण नऊ इंच आणि वर प्लास्टर. पोकळीची असेल तर पुढचा प्रश्न, ती भरलीये का? भरताना बाहेरून विटांच्या सांध्यात ठरावीक अंतरावर भोकं पाडतात आणि नंतर सिमेंटने बुजवतात, त्याचा रंग जरा वेगळा दिसतो, बोटाच्या टोकाएवढे गोल ठिपके. ते दिसले तर मी फोटो काढतो आणि भिंत "भरलेली" म्हणून लिहितो. घर घेतानाच्या सॉलिसिटरच्या फायलीत सिगा नावाच्या संस्थेची २५ वर्षांची हमी सापडते का तेही बघा, ती घराबरोबर नव्या मालकाकडे येते. या एका कागदाने ज्या घराची श्रेणी वर सरकते अशी घरं मी नेहमी बघतो आणि निम्म्या वेळा तो कागद कुठल्यातरी खोक्यात तळाशी असतो!

वाढवलेली खोली. २०११ ची आहे हे सिद्ध करा, म्हणजे कौन्सिलचं बिल्डिंग कंट्रोलचं कम्प्लीशन सर्टिफिकेट. साल कळलं की त्या वेळच्या नियमाप्रमाणे भिंत-छप्पर धरलं जातं. लॉफ्टमध्ये खोली काढलेल्यांना तर हे फारच लागू आहे, कागद नसेल तर छतातली खोली श्रेणी खाली खेचते.

बॉयलर. मॉडेलचं पूर्ण नाव असलेली पट्टी किंवा मॅन्युअल. त्यावरून सरकारी डेटाबेसमधली त्याच मॉडेलची कार्यक्षमता उचलली जाते, नाहीतर सरासरी आकडा धरतात. प्रोग्रॅमर (हीटिंगच्या वेळा लावायचं यंत्र), खोलीतला थर्मोस्टॅट आणि रेडिएटरवरचे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह हे तिन्ही मोजले जातात, तेव्हा रेडिएटरसमोर सोफा ढकलला असेल तर जरा पुढे ओढा.

बाकी पडदे, कार्पेट, फ्रिज, वॉशिंग मशीन, स्मार्ट मीटर यांचा गुणांशी काही संबंध नाही. दिव्यांचा आहे, जुने पिवळे बल्ब काढून एलईडी लावा. आणि बैठकीत वापरात नसलेली गॅसची शेगडीवजा फायर बसवलेली असेल तर ती दुय्यम हीटिंग म्हणून लिहावी लागते आणि गुण जातात. खरंच वापरत नसाल तर गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाकडूनच काढून घ्या, स्वतः हात लावू नका.

भटका_नाशिककर

मापटं, प्रतिसाद प्रिंट काढून ठेवावा असा आहे. खिडक्यांचं वय कसं ठरवता? आमच्याकडे फेन्साचा (खिडक्या नियमाप्रमाणे बसवल्याचा) कागद नाही.

मापटं

दुहेरी काचेच्या मधे कडेने जी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते ना, तिच्यावर बऱ्याचदा बारीक अक्षरात साल छापलेलं असतं. टॉर्च लावून तिरकं बघा. २००२ च्या आधीची की नंतरची यावर गणित बदलतं.

अनुजा_ग

आम्ही मागच्या वर्षी मिल्टन कीन्सचं घर विकलं तेव्हाचा अनुभव. विकताना अमुकच श्रेणी हवी असं बंधन नाही, अगदी 'जी' श्रेणी असली तरी विकता येतं, पण सर्टिफिकेट मागवल्याशिवाय एजंटला जाहिरात टाकता येत नाही आणि जाहिरातीत श्रेणी दाखवावीच लागते. मागवल्यावर सात दिवसांत मिळवायचा प्रयत्न करायचा, नाहीच झालं तर आणखी २१ दिवस, असा नियम आहे. नसल्यास घराला २०० पौंड दंड. रक्कम छोटी वाटते पण खरा त्रास विक्री अडकण्याचा असतो, समोरच्याचा सॉलिसिटर ईपीसी मागतोच.

घर घेणाऱ्यांना माझं सांगणं, ऑफर देण्याआधी ईपीसीचं सरकारी रजिस्टर बघा. त्यात त्या पत्त्याची जुनी सर्टिफिकेटंही दिसतात, शिवाय त्याच गल्लीतल्या शेजारच्या घरांचीही. आमच्या गल्लीत एकाच बिल्डरने एकाच वर्षी बांधलेल्या घरांत डी पण होती आणि सी पण, मग शेजाऱ्यांनी काय केलंय ते वाचून आम्हाला आपल्या घरात काय करता येईल ते कळलं.

ग्रॅनाइटगावकर

स्कॉटलंडवाल्यांनी लक्षात ठेवा, आमच्याकडे रजिस्टर वेगळं आहे आणि सर्टिफिकेट इमारतीत लावून ठेवावं लागतं, बहुतेक लोक मीटरच्या किंवा बॉयलरच्या कपाटात चिकटवतात. विकताना डिसेंबर २००८ पासून होम रिपोर्ट लागतो, त्यात सर्व्हे, मालकाने भरायची प्रश्नावली आणि एनर्जी रिपोर्ट हे सगळं एकत्र येतं, तो खर्च विकणाऱ्याचा. अ‍ॅबरडीनच्या जुन्या दगडी घरांना भिंतीत भरायला पोकळीच नसते त्यामुळे वर लिहिलेलं पोकळी भरण्याचं इथे चालत नाही, छप्पर आणि झडपा-फटी यांवरच भर द्यावा लागतो.

भटका_नाशिककर

एक शंका. आमच्या नॉटिंगहॅमच्या घराला डी आहे. सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये भाड्याच्या घरांना २०३० पर्यंत सी करायचा प्रस्ताव मांडला होता ना, म्हणून विचार करतोय सरळ हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र) लावून टाकावा का, साडेसात हजार पौंड ग्रँट पण मिळते. सी नक्की येईल ना?

मापटं

नक्की म्हणू नका. सर्टिफिकेटवरचं मोठं अक्षर हे खर्चावरून ठरतं, दर चौरस मीटरमागे हीटिंग, गरम पाणी, दिवे यांना किती पैसे लागतील त्यावरून. कार्बनचा आकडा वेगळा असतो. हीट पंप एका युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता देतो, हे खरं, पण वीज गॅसच्या कितीतरी पट महाग धरलेली असते, त्यामुळे चांगल्या गॅस बॉयलरच्या जागी हीट पंप आला तर अक्षर बदलेलच असं नाही. पर्यावरणासाठी तो चांगलाच आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण नुसत्या अक्षरासाठी एवढा खर्च करण्याआधी घराचं कवच बघा, लॉफ्ट, भिंत, जमीन. ही पद्धतच बदलायचं सरकारच्या मनात आहे, एका अक्षराऐवजी कवच, हीटिंग वगैरे वेगवेगळे निकष येतील अशी दिशा आहे. म्हणून जे काम कुठल्याही पद्धतीत उपयोगी ठरणार ते आधी करा, आणि लॉफ्टची लोकर कुठल्याही पद्धतीत उपयोगीच राहणार.

आणि नियमांची तारीख धरून घाबरून काही करू नका. आधी २०२५ आणि २०२८ अशी साल ठरवून सी आणायचं चाललं होतं, सप्टेंबर २०२३ मध्ये सुनक सरकारने ते गुंडाळलं, मग नवीन सरकारने पुन्हा हातात घेतलं. त्या काळात घाईघाईने नको ती कामं करून बसलेले घरमालक मी बघितलेत.

टेम्सकाठी

यावर मला अगदी कळकळीने लिहायचंय. कुणीही दारावर येऊन "ईपीसी वाढवून देतो, लॉफ्टमध्ये फोम मारतो" म्हणालं तर दार लावून घ्या. माझ्या सासऱ्यांच्या घरी एका कंपनीने छपराच्या आतल्या बाजूने स्प्रे फोम मारला. फोमखाली छपराच्या लाकडाची अवस्था दिसत नाही, ओल अडकली तर लाकूड कुजतं आणि कळतही नाही, म्हणून घर विकायला काढलं तेव्हा घेणाऱ्याच्या बँकेने मॉर्गेज द्यायला नकार दिला. शेवटी तो सगळा फोम खरवडून काढावा लागला आणि काढण्याचा खर्च मारण्यापेक्षा जास्त. सत्तरी पार केलेल्या माणसाला केवढा मनस्ताप!

सरकारी योजनेतून फुकट होतंय म्हणून भिंतीला बाहेरून इन्सुलेशन लावणाऱ्यांनीही नीट चौकशी करा. ऑक्टोबर २०२५ मध्ये इथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा अहवाल आला, इको ४ आणि ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीम या योजनांत बाहेरून इन्सुलेशन लावलेल्या ९८ टक्के घरांत दुरुस्ती लागेल असे दोष निघाले. अठ्ठ्याण्णव! योजनेचं नाव सरकारी म्हणून काम चांगलं असेलच असं नाही.

वास्तुरंग

मी आर्किटेक्ट, ब्रिस्टल. टेम्सकाठी यांच्याशी पूर्ण सहमत, आणि त्यात भर. घर घट्ट बंद केलं की आतली वाफ जायला वाट लागते. आपल्या घरांत कुकरच्या शिट्ट्या, फोडण्या, चहा, हिवाळ्यात रेडिएटरवर वाळत टाकलेले कपडे, ही सगळी वाफ कुठेतरी थंड कोपऱ्यात जाऊन बसते. इन्सुलेशन केलं आणि स्वयंपाकघर-बाथरूमचे पंखे तसेच बंद पडलेले ठेवले तर बुरशी वाढते. खिडकीच्या वरच्या चौकटीतल्या त्या बारीक ट्रिकल व्हेंट लोक थंडी येते म्हणून टेप लावून बंद करतात, तसं करू नका. लॉफ्टमध्ये लोकर पसरताना कडेची, वळचणीची हवा यायची फट बुजवू नका, आधी १०० मिमी जॉइस्टच्या मधून आणि वरून आडवी १७० मिमी. वर पुन्हा फळ्या हव्या असतील तर पायांवर उंच करून मारायच्या, लोकर दाबून मारायच्या नाहीत, दाबली की तिचा उपयोगच जातो.

आणि हो, इन्सुलेशन, हीट पंप, सोलर अशा कामांवर मार्च २०२७ अखेरपर्यंत शून्य व्हॅट आहे, म्हणजे कंपनीने बसवून दिलं तर. स्वतः दुकानातून लोकर आणून घातली तर व्हॅट भरावाच लागतो.

पेठेतला

पुण्याहून वाचतोय, मुलगा तिकडे आहे म्हणून. आपल्याकडे असं काही आहे का? फ्लॅट विकताना इंडेक्स टू, सोसायटीची एनओसी, टॅक्सची पावती हे सगळं मागतात, उन्हाळ्यात फ्लॅट किती तापतो हे कुणी विचारत नाही.

वास्तुरंग

काका, विकताना-भाड्याने देताना बंधनकारक असं भारतात नाही. फ्रिज-एसीवर तारे देणाऱ्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीनेच २०१८ मध्ये इको-निवास संहिता आणली, ती नव्या निवासी इमारतींच्या कवचासाठी, आणि त्यानंतर घरांनाही तारे देणारं ऐच्छिक लेबल काढलं. तिथे प्रश्न उलटा, उष्णता आत यायची. भिंतींतून आणि काचेतून किती उष्णता आत येते याला त्या संहितेत मर्यादा घातलीये. नवीन बुकिंग करताना बिल्डरला विचारायला काहीच हरकत नाही, वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर स्लॅबवर काय करणार आहात हे तर विचाराच.

इसारकाठ

म्युनिकची माहिती देते, तिकडे जर्मनीत बरेच मराठी लोक आहेत म्हणून. इथे एनर्गी-आउसवाइस म्हणतात, तेही दहा वर्षं चालतं, पण दोन प्रकार आहेत. एक घराच्या बांधकामावरून गणित करून आणि दुसरा मागच्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वापरावरून. दुसरा स्वस्तात होतो पण आधीचे लोक घरी नसायचे, एकच खोली तापवायचे, तर आकडा छान दिसतो. घर बघायला गेल्यावर न मागता दाखवायची जबाबदारी मालकाची आहे. कुठला प्रकार आहे ते आधी वाचा. मला विचाराल तर ब्रिटनची पद्धत यात जास्त बरी, कोण राहतं याच्याशी त्यांचा संबंध नाही, सगळ्या घरांना एकच मोजमाप.

मापटं

बरोबर, इथे बैठकीची खोली २१ अंश आणि बाकी घर १८ अंश धरून गणित होतं. म्हणून सर्टिफिकेटवरचा खर्च आणि तुमचं बिल जुळणार नाही, दोन घरांची तुलना करायला मात्र उपयोगी.

शिशिर_ऋ

ज्यांचं घर लीजहोल्ड फ्लॅट आहे (म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावर घेतलेला, इमारत मूळ मालकाची म्हणजे फ्रीहोल्डरची) त्यांनी काय करायचं? बाहेरची भिंत, खिडक्या सगळं फ्रीहोल्डरचं असतं ना? एफ आली तर भाड्याने देताच येणार नाही का?

मापटं

मधल्या मजल्यावरच्या फ्लॅटला सहसा एवढी अडचण येत नाही, वर-खाली-बाजूला दुसऱ्यांची तापलेली घरं असतात, त्यामुळे उष्णता जायला भिंतीच कमी. वरच्या मजल्याला आणि विजेवरच्या जुन्या हीटिंगला येते. एफ किंवा जी आली तर व्हॅट धरून ३,५०० पौंडांपर्यंत जी कामं होतील ती करायची, तरी ई नाही झाली तर सरकारी रजिस्टरवर सवलतीची नोंद करता येते, पाच वर्षांसाठी. फ्रीहोल्डरने लेखी परवानगी नाकारली तर तीही सवलतीची बाब आहे, त्याचं पत्र जपून ठेवा. ही नोंद मालकाच्या नावावर असते, घर विकलं की नव्या मालकाला लागू होत नाही. नोंद न करता एफचं घर भाड्याने दिलं तर एका घरामागे दंड ५,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. स्वतः राहता त्या घरातली एखादी खोली पेइंग गेस्टला दिली तर त्यासाठी ईपीसी लागत नाही, हे पण बरेच जण विचारतात.

आणि असेसरला एक विनंती करा. सर्टिफिकेट रजिस्टरवर चढवण्याआधी गुण किती येतायत ते सांगा म्हणावं. सीमेवर असेल, म्हणजे ६७-६८ वगैरे, तर चार एलईडी आणि गरम पाण्याच्या सिलेंडरच्या जॅकेटने ते पार होतंय का ते तो तिथेच सॉफ्टवेअरमध्ये घालून बघू शकतो. एजंटने पाठवलेल्या माणसाशी तुमचं बोलणंच होत नाही बऱ्याचदा, म्हणून मी म्हणेन असेसर स्वतः शोधा, सरकारी साईटवर पोस्टकोडने यादी मिळते.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समोर बसवून शिकवलं नसतं.

अपडेट देते. मापटं यांनी सांगितल्याप्रमाणे बाहेर जाऊन विटा बघितल्या, मागच्या भिंतीवर सांध्यांमधे ते गोल ठिपके सापडले आणि पाठोपाठ फायलीत सिगाची हमीही सापडली, २०१५ च्या सर्टिफिकेटमध्ये तीच भिंत "पोकळी, इन्सुलेशन नाही" म्हणून लिहिलेली! कौन्सिलकडून खोलीच्या कम्प्लीशनची प्रत मागवली. लॉफ्टवरच्या फळ्या काढून खालची लोकर मोजली तर ७५ मिमी, ती २७० केली, वळचणीची फट मोकळी ठेवली आणि अर्ध्याच भागावर पायांवर फळ्या पुन्हा मारल्या. बाथरूमचा पंखाही बदलला. मग स्वतः असेसर शोधून बोलावला. सर्व खोल्या, सर्व खिडक्या मोजल्या, फोटो काढले, नीट माणूस होता. चढवण्याआधी फोन केला, डी, ६७ येतायत म्हणाला. सी ला ६९ लागतात. पुढचं जे सुचवलंय ते जमिनीखालचं इन्सुलेशन आणि सोलर, त्यासाठी घाई करणार नाही, भाडेकरू बदलताना जमीन उघडता येईल तेव्हा करू. पण येणाऱ्या कुटुंबाला पहिल्याच हिवाळ्यात फरक पडणार आहे, ते माझ्यासाठी त्या दोन गुणांपेक्षा मोठं आहे.

शेवटचा प्रश्न, भाडेकरूंना सर्टिफिकेट कसं द्यायचं, छापून की ईमेल चालतो?

अनुजा_ग

अभिनंदन! त्यांची हरकत नसेल तर ईमेल चालतो. करारावर सही व्हायच्या आधी पीडीएफ पाठवा, सही झाल्यावर नको, आणि मिळाली असं उत्तर त्यांच्याकडून मागून घ्या. तो मेल कराराच्या फायलीतच ठेवा, एजंटकडे असेल यावर सोडू नका.

मापटं

पीडीएफबरोबर बॉयलरचं मॅन्युअल आणि थर्मोस्टॅट कसा लावायचा तेही पाठवा. सिगाची हमी, कम्प्लीशन आणि लॉफ्टचे टेपसकट फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा, दहा वर्षांनी पुढचा असेसर येईल तेव्हा तेच लागणार आहेत.